सारवलेल्या भुईचा फोटो

बाबा, आपल्या पवनीत आता फोटो काढायला कोणी दुकानात येत नाही. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे, आणि जो तो दिवसभर स्वतःचंच तोंड काढत बसलेला असतो. परवा भावाची नात आली होती. टीव्हीवर पोलिसांची कुठलीशी मालिका पाहून मला विचारते, "आजी, तुमच्या काळी असं काही होतं का गं? निळा लाईट मारला की पुसलेलं रक्त दिसतं, पावलं दिसतात?" मी म्हटलं, होतं की. लाईट नव्हता, आरसा होता. ती हसली. तिला वाटलं म्हातारी फेकून राहिली. मला असा राग आला की चहा अर्धा टाकून आत आले आणि हे लिहायला बसले. तिला समजावत बसायचा धीर माझ्यात नाही. तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, त्यामुळे तुम्हाला सांगणं सोपं.

मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा आईनं रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. गल्लीतल्या बाया एकेक करून चौकशीला येऊन गेल्या. तुम्ही मात्र एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना डार्करूमची किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणालात, "मले माणूस पायजे दुकानात. तुहे डोळे चांगले आहेत." झालं. त्या एका वाक्यावर माझी पुढची सगळी वर्षं निघाली. लोक माहेरी साडीचोळी घेतात, मला किल्ली मिळाली. तेव्हा मला त्याचं फार काही वाटलं नव्हतं, उलट फोटो पक्का करायच्या त्या हायपोच्या वासानं डोकं दुखायचं आणि मनात म्हणायची, बापानं बरं कामाला जुंपलं.

पोलिसांचं काम तुमच्याकडे कसं आलं ते मी कधी नीट विचारलं नाही. जिल्ह्याहून त्यांचा फोटोग्राफर यायला उशीर व्हायचा, आणि तोवर गावकरी सगळ्या जागेचा चिखल करून ठेवायचे, म्हणून तुम्हाला बोलवायचे. जमादार सायकल रस्त्यावरच टेकवून हाक मारायचा, "चला जी, काम निघालं." आई कपाळाला हात लावायची. मी पहिल्यांदा तुमच्याबरोबर आले ती एका भातगिरणीत. हाणामारी झालेली, एक माणूस गेलेला, आणि मालकानं भिंत धुऊन काढलेली. माझ्या डोळ्यांना नुसती पिवळट भिंत दिसत होती. तुम्ही लेन्सपुढे निळी काच लावली आणि फोटो काढून परत आलात. दुपारी डार्करूममध्ये ताटलीत कागद हलवताना त्या भिंतीवर हळूहळू एक काळा पंजा उमटायला लागला, घसरत खाली आलेला. मी मागे सरकले. तुम्ही म्हणालात, "भेतेस काहून? तो तिथंच होता. निळ्या काचेतून तांबडं काळं पडते, तेवढंच." मग बराच वेळ तुम्ही मला समजावत बसलात, कोणत्या काचेतून कोणता रंग मरतो आणि कोणता वर येतो. शाळेत मला विज्ञान कधी कळलं नाही, ते त्या दिवशी कळलं.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा पाहत होते. आपण धम्म घेतला तरी गावं काही एका दिवसात बदलली नव्हती. काही घरांत आपल्या माणसाला ओसरीच्या पुढे पाऊल टाकू देत नसत. त्याच घरांच्या माजघरात तुम्ही तिपाई घेऊन सरळ शिरायचे आणि घरचा मालक बाजूला उभा राहायचा. एकदा बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "आपल्याले आत बोलवाले लोकाइच्या घरी कोणीतरी मरा लागते." आणि खुदकन हसलात. मला हसू आलं नाही. आता येतं.

ज्या खुनात आरसा लागला, त्या म्हातारीचं घर तसलंच होतं. पवनीपासून जवळचं गाव, घरामागे विहीर, पुढे धानाच्या कोठ्या. म्हातारी विधवा, एकटी, बरीच शेती अंगावर. तिचा पुतण्या तिच्याजवळ राहायचा आणि शेतीचं बघायचा. म्हातारी सकाळी विहिरीजवळ पडलेली सापडली, डोकं फुटलेलं. पाय घसरला असं गाव म्हणत होतं. पण फौजदार शहाणा माणूस होता. त्यानं माजघराच्या चौकटीवर रक्ताचा शिंतोडा पाहिला, आणि माजघराची भुई ताजी सारवलेली पाहिली. म्हणजे म्हातारी आत मारली गेली, मग कोणीतरी तिला ओढत बाहेर नेलं आणि आतली जागा शेणानं सारवून टाकली. आता त्या घरात सारवायला, धान कांडायला एकच बाई यायची, पलीकडच्या टोल्यावरची, गावाबाहेरच्या वस्तीतली. बिचारी जवान पोर, नवरा छत्तीसगढकडे कामाला गेलेला, अंगावर पिणारं लेकरू. म्हातारीच्या गळ्यातली सोन्याची माळ गायब होती. पुतण्यानं सांगितलं, मी रात्रभर शेतावर होतो, सारवायचं काम तर तीच करते. साऱ्या गावानं मान डोलावली. तिला धरून नेलं. ती एवढंच म्हणत राहिली, "मी नाही सारवलं जी. माहा दिवस नव्हता तो." कोण ऐकतं? लेकरू पितं होतं, म्हणून तेही तिच्याबरोबर कोठडीत गेलं.

आपण पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. भुई वाळली होती. वरून पाहिलं तर कुठं काही नाही, सगळीकडे सारखी, हिरवट तपकिरी. फौजदार म्हणाले, "इथं काही मिळेल असं वाटत नाही, पण नियमाला म्हणून एक फोटो घ्या." तुम्ही म्हणालात, "थांबा जी," आणि बरोबर आणलेला दुकानातला आरसा मला काढायला सांगितला. तोच, ज्यात गिऱ्हाईक केस विंचरायचे. मी बसनं येताना तो मांडीवर धरून आणला होता, आणि मला वाटलं होतं बाबाचं डोकं फिरलं. तुम्ही मला अंगणात उभी केली, आरसा जमिनीला टेकवून तिरपा धरायला लावला, आणि ऊन उंबरठ्यावरून आत, भुईला घासून जाईल असं सोडलं. हात अवघडले माझे. तुम्ही उंबरठ्याच्या बाजूनं वाकून ओरडत होते, "अजून खाली. अजून. हां, हालू नको." शेवटी जमादारानं आरसा हातात घेतला आणि मी दारात येऊन वाकून पाहिलं.

बाबा, ती भुई मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. आडव्या उजेडात ती सगळी उठून आली होती. बोटांची रेघ न् रेघ, हाताचा वळसा न् वळसा. आणि ते सगळं उलटं होतं. आपल्याकडच्या कुठल्याही पोरीला विचारा, सारवताना पाठ दाराकडे करतात, पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात करून मागे मागे सरकत उंबरठ्यावर येतात. ओल्यात पाय कोण घालेल? इथं कोणीतरी दारापासून सुरुवात करून आत आत गेलं होतं. पलीकडच्या भिंतीशी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं की आता बाहेर जायला वाट नाही. मग ओल्या भुईवरूनच तो परत आला, आणि येताना प्रत्येक पावलाच्या खुणेवर हात फिरवत आला. पण टाचेचे खड्डे खालच्या मातीत बसले होते, ते थोडेच बुजतात. मला हसू फुटलं. मयताच्या घरात मी मोठ्यानं हसले आणि म्हटलं, "अगं बाई, हे बाईनं सारवलंच नाही. ज्यानं जन्मात शेणात हात घातला नाही तो माणूस हा."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की माझं हसू जागच्या जागी जिरलं. "तुले कोणं इचारलं?" फौजदार, जमादार, पुतण्या, गावची चार माणसं, सगळ्यांसमोर. "जा, बाहेर बस." मी तिशीतली बाई, आणि मला पोरीसारखं अंगणात बसवलं. मी बसले. तुम्ही विटांवर फळ्या टाकल्या, कोणाला भुईवर पाय ठेवू दिला नाही, कॅमेरा फळीवरून सरळ खाली तोंड करून बांधला, बाजूला फूटपट्टी ठेवली आणि थोड्या थोड्या जागेचा फोटो घेत पुढे सरकत राहिलात. जमादार आरसा धरून घामाघूम झाला. ऊन सरकलं की आरसा सरकवायचा, मग पुन्हा थांबायचं. मी धानाच्या कोठीला टेकून सगळं पाहत होते आणि मनातल्या मनात तुम्हाला शिव्या देत होते.

परत येताना तुम्ही आपणहून बोललात. "हे पाह्य बाई. तू खरं बोलली. पण तू आधी बोलली तं फोटो मागून आला. कोर्टात वकील म्हणन, पोरीनं सांगितलं म्हणून बापानं तसाच उजेड पाडला. फोटो आधी आला पायजे, बोलणं मागून." मी म्हटलं, आणि तोवर ती बाई लेकरू घेऊन आत सडेल त्याचं काय? तुम्ही म्हणालात, "म्हणूनच." मला ते पटलं नाही. पटलं असतं तरी मी कबूल केलं नसतं, इतकी मी चिडले होते.

तो फोटो तयार करायला आपल्याला फार कष्ट पडले. तुमचा हट्ट होता की फोटोतला हात खऱ्या हाताएवढा आला पाहिजे. तेवढा मोठा कागद आपल्याकडे कुठला? तुम्ही फोटो मोठा करायचा एनलार्जर भिंतीकडे वळवलात, फूटपट्टीवरचा इंच फोटोत बरोबर इंचाएवढा येईपर्यंत मागेपुढे केलात, आणि एकेका तुकड्याचा वेगळा कागद काढला. मी ते कागद धुतले, वाळवले, मागून कापड लावून चिकटवले. सतरंजीएवढा फोटो झाला. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत म्हणाली, "बाप्पा, घरात बसाले जागा ठेवा." आपण तो गुंडाळून भंडाऱ्याला कोर्टात नेला, बसमध्ये कंडक्टरनं चटईचं तिकीट मागितलं.

कोर्टात मात्र तुम्ही माझा जीव नकोसा केलात. तिच्या वकिलानं तुम्हाला उभं केलं. सरकारनं दिलेला वकील, तरुण, पण मनापासून बोलणारा. त्यानं विचारलं, "हे सारवण पुरुषाच्या हाताचं आहे, असं तुम्हाला वाटतं का?" मी मागच्या बाकावर बसून ओठ आवळून वाट पाहत होते. तुम्ही म्हणालात, "मला सांगता येत नाही, साहेब. मी हात पाहिला नाही, मी भुई पाहिली. उजेड दाराकडून होता. पट्टी शेजारी ठेवली होती. फोटोत काही वाढवलं नाही, काही झाकलं नाही. एवढंच माझं म्हणणं." वकिलानं तेच फिरवून फिरवून विचारलं, तुम्ही तेच उत्तर दिलं. त्या पोरीचा जीव टांगणीला लागला होता आणि तुम्ही जिभेला गाठ मारून उभे होते. मी खाली मान घालून रडले. इतका कोरडा माणूस आपला बाप कसा, असं मला वाटलं.

मग वकिलानं तो फोटो कोर्टाच्या फरशीवर पसरायची परवानगी मागितली. न्यायाधीश साहेबांनी दिली. तिला पिंजऱ्यातून बाहेर आणून सांगितलं, या कागदावर हात ठेव. ती वाळून काडी झाली होती. त्या दिवशी तिच्या कडेवर लेकरू नव्हतं. मला वाटलं बाहेर कोणा बाईजवळ दिलं असेल. तिनं कागदावरच्या पंजावर पंजा ठेवला. तिची बोटं फोटोतल्या बोटांत पार हरवून गेली. साहेबांनी विचारलं, तू कशी सारवतेस? तिला काय कळलं कोण जाणे, तिनं पदर खोचला, दाराकडे पाठ करून उकिडवी बसली आणि त्या फरशीवर रिकामा हात फिरवत मागे मागे सरकायला लागली. साहेब खुर्चीतून उठून खाली आले, फोटोभोवती एक फेरी मारली आणि दारापासून सुरू झालेल्या त्या वळशांकडे बराच वेळ बघत राहिले. ती सुटली. पुढे पुतण्या माळ विकताना नागपूरला सापडला आणि त्यानं सगळं कबूल केलं. पेपरात दोन ओळी आल्या. लोक दुकानात येऊन तुमचं कौतुक करून गेले. फौजदारांनी मुद्दाम येऊन हात जोडले. मी चहा केला, पण तुमच्याशी धड बोलले नाही.

इथवरची गोष्ट तुम्हीही लोकांना सांगायचे. यापुढची आपण दोघांनी कोणालाच सांगितली नाही, एकमेकांनाही नाही.

धानकापणीच्या दिवसांत ती दुकानात आली. एकटीच. तुम्ही तिला ओळखलं आणि लगेच गंभीर झालात. तिला धरून आणलं त्या दिवशी ठाण्यात तिचा फोटोही तुम्हीच काढला होता, छातीशी पाटी धरून, पाटीवर खडूनं नंबर आणि कलम. असे सुटलेले लोक यायचे आपल्याकडे, ती निगेटिव्हची काच फोडून टाका म्हणून हातापाया पडायचे. तुम्ही तिला काही बोलूच दिलं नाही. म्हणालात, "बाई, ते सरकारचं आहे. मले फोडता येत नाही."

ती म्हणाली, "फोडू नका जी. मले त्यातला एक काढून द्या."

"कायले?"

"माहा पोरगा आहे त्याच्यात."

तेव्हा आपल्याला कळलं. लेकरू जेलात आजारी पडलं होतं, हगवण लागली, दवाखान्यात नेईपर्यंत गेलं. कोर्टात ती फरशीवर हात फिरवत होती, त्याच्या आधीच. त्याचा दुसरा फोटो कुठं नव्हता, कोणी काढला नव्हता, कोणाला वाटलं होतं लागेल म्हणून. तुम्ही स्टुलावर बसलात. मग उठून काच शोधून आणली आणि खिडकीशी धरली. लेकरू तिच्या कडेवर होतं, एक हात पुढे करून पाटीवर ठेवलेला. तुम्ही म्हणालात, "पाटी कापली तं त्याचा हातबी कापला जाते." ती म्हणाली, "मंग राहू द्या पाटी. हात राहू द्या."

तुम्ही डार्करूममध्ये गेलात आणि आतून कडी लावलीत. मला आत घेतलं नाही. ती बाहेर बाकावर बसली होती, मी तिला पाणी दिलं. दुपार सगळी गेली. तुम्ही वाळवलेला फोटो हातात घेऊन बाहेर आलात तेव्हा मी पाहिला, आणि माझ्या धंद्यातल्या डोळ्यांना कळलं तुम्ही काय केलं ते. पुठ्ठ्याला भोक पाडून तेवढ्याच जागेवर उजेड सोडत राहिला होतात, खडूची अक्षरं काळ्यात बुडेपर्यंत. मग बारीक ब्रशनं त्या काळ्यावर घड्या काढल्या होत्या, काठ काढला होता. पाटीचा पदर झाला होता. लेकराचा हात आईच्या पदरावर होता.

तिनं फोटो दोन्ही हातांत धरला. खूप वेळ पाहिला. मग म्हणाली, "पाटी कुठं गेली जी? माह्या हातात होती ना."

तुम्ही म्हणालात, "आलीच नाही, बाई. कधी कधी येत नाही."

तिनं तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मीही म्हटलं, "नाही आली." तिनं त्या हातावर अंगठा ठेवला, आणि दुकानात, आपल्या दोघांसमोर, ती पहिल्यांदा रडली. फोटो पदराखाली धरून गेली. तुम्ही हात धुवायला मागे गेलात आणि किती तरी वेळ आलाच नाहीत. आईनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, डोळ्यांत हायपो गेलं त्यांच्या.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठं टाकायचं, आणि टाकता आलं असतं तरी मी टाकलं नसतं. भर कोर्टात जो माणूस खऱ्याच्या पुढे एक शब्द बोलला नाही, त्यानं त्या दिवशी एका बाईला तोंडावर खोटं सांगितलं, हे लिहून ठेवलेलं तुम्हाला आवडलं नसतं. त्या मोठ्या फोटोसाठी लोकांनी तुम्हाला मान दिला. मी नव्हता दिला, मी तुमच्यावर चिडून होते. मी तो या लहान फोटोसाठी दिला, त्याच दुपारी. तुम्ही त्यानंतर इतकी वर्षं माझ्यासमोर जेवायला बसत होते, आणि मी हे तुम्हाला सांगितलं नाही.